फ्लॅटमध्ये मकाव ठेवलं तर आवाजाचं काय? नागपूरवाल्यांनो खरं खरं सांगा

मनीषनगरचा_भाऊ:
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. ब्लू अँड गोल्ड मकाव घ्यायचा विचार करून राहिलो, तो निळा-पिवळा मोठावाला विदेशी पोपट. मनीषनगरला तिसऱ्या माळ्यावर २ बीएचके आहे, घरात मी, बायको, सातवीतली पोरगी आणि आई. पोरगी मागं लागली असं मी सगळ्यांना सांगतो पण जास्त खाज मलाच आहे. विकणाऱ्याकडं जाऊन पिल्लू बघून आलो, हातावर बसलं, चमच्यानं खाल्लं, हूं नाही की चूं नाही. तो म्हणते सर हातानं वाढवलेलं ओरडतच नाही, एकदम शांत. आणि यूट्यूबवर बघावं तर मालक लोक कानावर हात ठेवून बसलेले दिसतात. मग खरं कोणाचं मानायचं?

विचारायचं एवढंच की दिवसभर ओरडते का ठराविक वेळी, शिकवलं तर बंद होते का, आणि बाल्कनी काचेनं पॅक करून साउंडप्रूफ केली तर भागेल का. बाजूच्या फ्लॅटमध्ये रिटायर्ड जोडपं आहे, वरच्या माळ्यावरचा पोरगा मिहानमध्ये नाइट शिफ्ट करते, दिवसा झोपते. आई सकाळी पोथी वाचते, तिला शांतता लागते. खर्चाचं मी बघून घेतो, ते सांगू नका. आणि नुसतं "नका घेऊ भाऊ" लिहून पळू नका, काहून नका ते पण लिहा.

बर्डी_एक्सप्रेस:
भाऊ आमच्या गल्लीत डीजे अकरा महिने वाजते, बारावा महिना खाली आहे, आणून टाका तुम्ही 😂

धरमपेठेतला_बाजीराव:
आमच्याकडं ब्लू गोल्ड आहे, नाव बाजीराव, म्हणून आयडी पण त्याचाच. पोरगा इंजिनिअरिंगला होता तेव्हा आणला, आता पोराला पोरगी झाली, यावरून काय तो हिशोब लावा. त्यामुळं ऐकीव नाही, कानानं भोगलेलं सांगतो.

आधी त्या पिल्लाचं. पिल्लू शांतच असते हो. भूक लागली की किरकिर करते, पोट भरलं की झोपते. तो खरा आवाज मोठं होता होता फुटते आणि पुढं वयात आलं की त्याला धार येते. दुकानात पिल्लू पाहून आवाजाचा अंदाज लावणं म्हणजे पाळण्यातलं बाळ पाहून दहावीत किती टक्के पाडेल ते सांगणं. हातानं वाढवलं याचा आवाजाशी काही संबंध नाही, उलट हातावरचा पक्षी माणसाला जास्त चिकटते आणि माणूस दिसेनासा झाला की जास्त हाका मारते.

आता वेळा. दिवसभर ओरडते हे खोटं आहे. दोन पाळ्या ठरलेल्या, सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दिवेलागणीला, दहा-पंधरा मिनिटं चालते, मूड असला तर जास्त. हे जंगलातून आलेलं आहे, पनामापासून खाली दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया-ब्राझीलपर्यंत हे पक्षी थव्यानं राहतात, सकाळी खायला पांगतात, संध्याकाळी झाडावर परततात, आणि एवढ्या दाट जंगलात कोण कुठं आहे ते एकमेकांना ओरडूनच कळवतात. तो आवाज कोसभर जायलाच बनलेला आहे आणि तुमच्या हॉलची लांबी पंधरा फूट. नागपुरात मे महिन्यात साडेपाचलाच फटफटते हे पण लक्षात ठेवा, त्याला रविवार कळत नाही.

दोन पाळ्यांच्या मध्ये दुपारी तो बऱ्यापैकी गप्प असते, काहीतरी कुरतडत बसते, स्वतःशीच घशात पुटपुटते, ते ऐकायला गोड वाटते खरंच. पण गच्चीवरून घार गेली, दाराची बेल वाजली, अनोळखी माणूस हेल्मेट घालून आला, की एकदम किंकाळी. आणि घरात आवाज वाढला की याचा पण वाढते. मिक्सर लावला की सुरू, कुकरची शिट्टी झाली की सुरू, गणपतीत आरती आणि झांजा म्हणजे तर त्याचा हक्काचा कार्यक्रम, पुढं झुकते, पंख अर्धे उघडते, मानेवरची पिसं उभी, डोळ्याची बाहुली लहान-मोठी लहान-मोठी होते आणि गालावरची ती पांढरी कातडी गुलाबी पडते. पाहायला मजा येते, कानाला नाही येत.

आकडा पाहिजे असेल तर जोरात ओरडला की १०० डेसिबलच्या आसपास जाते. आपण दोघं समोरासमोर बोलतो ते ६० च्या आसपास. ४० चाच फरक दिसते पण दर १० ला कानाला साधारण दुप्पट वाटते, म्हणजे सोळापट झालं. आमचं घर स्वतंत्र आहे, मागं आंबा आणि मोठी बाग आहे, तरी दोन घरं सोडून राहणारे वैद्य काका संध्याकाळी विचारतात, "आज लवकर सुरू झाला का जी?"

त्रिमूर्तीनगर_काकू:
मी पाळणारी नाही, शेजारीण आहे, त्यामुळे दुसरी बाजू सांगते. आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये मकाव आहे. नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, सकाळी नऊला कुलूप, संध्याकाळी सातला दार उघडतं, आणि तो बिचारा बाल्कनीत पिंजऱ्यात एकटा. वर लिहिलंय ना दुपारी गप्प असतो म्हणून, तो घरात माणूस असेल तर असेल. हा एकटा राहिला की अर्ध्या अर्ध्या तासानं हाका मारतो, कोणी उत्तर देत नाही म्हणून अजून मोठ्यानं मारतो. सून बाळंतपणाला आली होती तेव्हा बाळ झोपलं रे झोपलं की याची हाक, बाळ दचकून उठायचं आणि मग दोघं मिळून सुरात.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे कूलर. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत कूलर, आणि कूलरला खिडक्या-दारं उघडी ठेवावीच लागतात नाहीतर घरात नुसता दमटपणा. म्हणजे त्यांच्याही खिडक्या उघड्या आणि आमच्याही. एसी लावून सगळं बंद केलं तर आवाज थोडा आत राहील पण मग तो तुमच्याच कानात. वर आणखी कूलरची घरघर चालू असली की पक्षी तिच्यावरून ओरडतो. गच्चीवर झोपायची सोय तर गेलीच.

पक्ष्याचा मला राग नाही बरं का. माझ्या कुकरची शिट्टी तो इतकी हुबेहूब काढतो की दोनदा गॅस बंद करायला धावले. राग मालकाचा येतो, बोलायला गेलो तर म्हणतात "काकू, मुका जीव आहे." मुका??

बर्डी_एक्सप्रेस:
"मुका जीव" 🤣🤣 काकू तुम्ही जिंकल्या

मनीषनगरचा_भाऊ:
बाजीराव दादा आणि काकू, मनापासून धन्यवाद, असंच पाहिजे होतं. कूलरचं तर डोक्यातच नव्हतं. आता ट्रेनिंगचं सांगा कोणीतरी. एका व्हिडिओत सांगितलं की ओरडला की चादर टाका, दुसऱ्यात म्हणे पाणी शिंपडा, तिसरा म्हणते दुर्लक्ष करा आपोआप बंद होते. घरी आई दिवसभर असते, त्यामुळं एकटा नाही राहणार.

बेसावाला_पक्षीमित्र:
माझी बेसा साइडला शेडमध्ये बरीच पाखरं आहेत, दोन मकाव धरून. ट्रेनिंगवर लिहितो, लांब होईल, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे सकाळ-संध्याकाळची पाळी बंद होत नाही. ती बंद करायचा नाद सोडा. जी कमी होते ती मधली ओरड, म्हणजे लक्ष वेधायला, कंटाळा आला म्हणून, भीतीनं केलेली. ही ओरड बहुतेक घरात माणसंच शिकवतात. तो ओरडला, तुम्ही किचनमधून धावत आले आणि वरून "ए गप्प!" असं ओरडले, त्याला काय कळलं? की ओरडलं की माणूस येते आणि सोबत ओरडते पण. त्याच्या मते तुम्ही थव्यात सामील झाले. पाणी शिंपडणं तर अजून गंमत, त्यांना उन्हाळ्यात पाण्याचा फवारा आवडते, बक्षीस समजून अजून ओरडतात, आणि ज्याला नाही आवडत तो तुम्हालाच घाबरायला लागते. चादर दिवसा टाकू नका, शिक्षा म्हणून तर अजिबातच नाही.

करायचं काय तर त्याला एक हलकी हाक ठरवून द्यायची. मी शिट्टी ठेवली आहे, दोन सुरांची. खोलीच्या बाहेर जाताना मी वाजवतो, तो वाजवते, मी आतूनच उत्तर देतो. जंगलात पण तेच आहे ना, "आहेस का? आहे" एवढंच. शिट्टीला दर वेळी उत्तर मिळते आणि किंचाळीला मिळत नाही हे कळायला वेळ लागते, पण कळते. आणि इथं बहुतेक लोक फसतात ते सांगतो. दुर्लक्ष करायला लागलं की ओरड आधी वाढते. कमी नाही, वाढते! रोज चालणारी युक्ती आज काहून चालून नाही राहिली म्हणून तो अजून जोर लावते. चौथ्या-पाचव्या दिवशी घरातलं कोणीतरी वैतागून त्याला बदाम नेऊन देते आणि झालं, आता त्याला समजलं की एवढं जोरात ओरडावं लागते. म्हणून घरातल्या सगळ्यांचं एकमत पाहिजे. तुमच्या आई दिवसभर एकट्या त्याच्यासोबत राहणार, त्यांना हे जमेल का ते आधी त्यांनाच विचारा, तुम्ही ऑफिसातून ट्रेनिंग नाही देऊ शकत.

दुसरं, त्याला काम द्या. वाटीत खाणं टाकून दिलं तर दहा मिनिटांत संपवते आणि उरलेला दिवस तुमचं डोकं खाते. अक्रोड फोडायला पूर्ण द्या, कणीस सालासकट, नारळाची करवंटी, कागदात गुंडाळलेले शेंगदाणे, कुरिअरचे पुठ्ठ्याचे डबे टेप काढून. मी बांबूच्या नळीत दाणे भरून दोन्हीकडून कागदाचे बोळे ठोकतो, तास-दीड तास आवाज नाही, फक्त फोडायची खडखड. फर्निचरचं मी बोलत नाही, सागाचा दरवाजा असला तरी ते कोपऱ्यापासून सुरू करतात.

तिसरं झोप. दहा ते बारा तास अंधार आणि शांतता लागते. आपल्या घरी साडेदहापर्यंत टीव्ही, अकराला कोणीतरी जेवते. हॉलमध्ये पिंजरा ठेवला तर झोप होत नाही आणि झोप न झालेला मकाव दुसऱ्या दिवशी चावरा आणि किरकिरा. २ बीएचकेमध्ये त्याला वेगळी खोली देणार का? वेगळी खोली आणि जाड पडदा असला तर सकाळची पाळी साडेपाचवरून सात-साडेसातवर ढकलता येते, एवढं मात्र खरं. रात्री आठला झोपवा, सकाळी तुम्ही उठाल तेव्हा पडदा काढा.

साउंडप्रूफचं पण ऐका. तो फोम आणि अंड्याचे ट्रे लावतात ना भिंतीला, त्यानं खोलीतला घुमारा कमी होते, बाहेर जाणारा आवाज अडत नाही. आवाज अडायला वजन लागते, जाड भिंत, डबल काच, आणि फट कुठंच नको. आणि फट नाही म्हणजे हवा नाही, मग नागपूरच्या ४५ डिग्रीत काचेच्या पॅक बाल्कनीत पक्षी ठेवणार का? दुपारी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकत बसतील. बाल्कनीचा प्लॅन एकदम कॅन्सल करा.

आवाजाचं नाही पण सांगून ठेवतो, नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याचा धूर पाखरांना मारून टाकते, बघता बघता. लहान फ्लॅटमध्ये किचन आणि हॉल लागून असते, घ्यायचंच असेल तर तवे आधी बदला.

फाइल_नंबर_सांगा:
सगळे आवाजावर बोलून राहिले, कागदाचं कोणी विचारलंच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, त्यात साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतले विदेशी प्राणी-पक्षी चौथ्या अनुसूचीत आले. मकाव त्यात आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम निघाले, नोंदणी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० पोर्टलवर करायची, अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे जाते. नवा पक्षी घेतला तर ३० दिवसांत अर्ज. पिल्लं झाली, पक्षी मेला, कोणाला दिला, सगळं कळवावं लागते. म्हणून विकणाऱ्याला विचारा की तुझ्या जोडीची नोंदणी दाखव. "सर काही लागत नाही, विदेशी आहे" असं म्हणाला तर तिथूनच चपला घालायच्या. लाल मकाव, म्हणजे स्कार्लेट, आणि हायसिंथ तर साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, तिथं अजून कडक. ब्लू गोल्ड दुसऱ्यात.

आणि कोणी "मग साधा आपला पोपट घ्या" असा सल्ला द्यायच्या आधीच सांगतो, देशी पोपट पाळणं गुन्हा आहे, कंठवाला असो की पहाडी. शनिवार-रविवारी रस्त्यावर टोपलीत मिळते म्हणून कायदेशीर होत नाही.

आवाजाचे पण नियम आहेत, २००० चे. रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ डेसिबल. तो आकडा परिसराच्या आवाजाचा आहे, पोलीस काही पोपटाला पकडायला येत नाही, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचे रिटायर्ड काका हा कागद घेऊन उभे राहिले की तुम्ही काय बोलणार ते ठरवून ठेवा. मे मधली साडेपाच ही कागदावर "रात्र" आहे.

कामठीचा_पोट्टा:
मोठा नको तं लहान घ्या ना भाऊ. माह्याकडं हान्स मकाव हाय, फूटभर लांबीचा, हिरवा, खांद्याले थोडा लाल. ओरडते, नाई म्हनत नाई, पन मोठ्या मकावच्या मानानं काहीच नाई. फक्त आवाज बारीक अन टोचणारा हाय, माह्या बायकोले मोठ्याचा घोगरा परवडला असता म्हनते. सन कोन्युर पोपट मात्र चुकूनई घेऊ नका लहान दिसते म्हणून, साइज पाहू नका त्याची, कानात खिळा ठोकते.

मनीषनगरचा_भाऊ:
बायकोनं सगळा धागा वाचला आणि "मुका??" वर येऊन थांबली, अजून हसून राहिली. बाजीराव दादा, एक विनंती आहे, तुमच्याकडं येऊन एकदा ऐकता येईल का? व्हिडिओत आवाज कळत नाही, मोबाइल आपणच कमी-जास्त करतो. आईला पण आणीन म्हणतो.

धरमपेठेतला_बाजीराव:
या ना, कधीही या. पण दुपारी नका येऊ, दुपारी तो साधू असते, तुम्ही पाहाल आणि लगेच पैसे भरून टाकाल. संध्याकाळी सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी या आणि अंधार पडेपर्यंत थांबा. आईंना पोथी घेऊन यायला सांगा, बाजूच्या खोलीत बसून वाचता येते का ते तिथंच कळेल. बेल वाजवू नका, फोन करा, मी गेटवर येतो. लाल शर्ट नको, त्याला आवडत नाही, कारण त्यालाच माहीत.

मनीषनगरचा_भाऊ:
मंडळी काल जाऊन आलो. आवाज मोजायचं अ‍ॅप घेऊन गेलो होतो, ते सोडाच, मोबाइलचा माइक त्याच्या पुढं टिकतच नाही, आकडा वर जाऊन अडकते. मध्ये एक वेळ अशी आली की बाजीराव दादा मला काहीतरी सांगत होते आणि मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते. पोरगी खूश, तिच्या हातून अक्रोड घेतला, एवढी मोठी चोच आणि बोटाला धक्का नाही. आई बाजूच्या खोलीत अर्धा अध्याय वाचून बाहेर आली आणि म्हणाली, पक्षी देखणा आहे, पण तुझ्या घरात त्याचा जीव पण गुदमरेल आणि माझा पण. वर हे पण म्हणाली की तू ऑफिसला जाशील, शिट्ट्या मी वाजवत बसू का या वयात.

तर मकाव फ्लॅटमध्ये नाही, हे ठरलं. आमचा हुडकेश्वर रोडला प्लॉट पडून आहे, तिथं घर बांधलं तर तेव्हा बघू, आणि तेव्हा पण मागं शेड, पडदे, नोंदणी सगळं आधी. विकणाऱ्याला नाही म्हणून सांगितलं तर म्हणते "सर मग आफ्रिकन ग्रे पोपट न्या, तो तर बोलते नुसता."

फाइल_नंबर_सांगा:
ग्रे पण साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहे भाऊ, नोंदणीचा तोच नियम, हे पण विचारा त्याला.

मनीषनगरचा_भाऊ:
नाही नाही, आता पोरगी कॉकाटीलवर, त्या लहान तुरेवाल्या पक्ष्यावर, आली आहे. त्याची शिट्टी शेजाऱ्यांना चालेल बहुतेक, काकांना विचारून पण आलो, ते म्हणाले चालेल. फक्त कोणीतरी सांगितलं की कॉकाटील रात्री अंधारात एकदम दचकून पिंजऱ्यात धडपडतात, पंख मोडून घेतात. खरं आहे का?

बेसावाला_पक्षीमित्र:
खरं आहे, कॉकाटीलमध्ये हे जास्त दिसते. पाल गेली, बाहेर फटाका वाजला, गाडीचा लाइट खिडकीवर पडला, तेवढ्यानं पण होते. खोलीत लहान झिरो बल्ब चालू ठेवा, पिंजरा खिडकीपासून दूर, आत झोके-खेळणी कमी. धडपडला तर लगेच हात घालू नका, लाइट लावा आणि हळू बोला, आपोआप बसते. एकटा घेणार का जोडी?